ओसाड जमिनीवर गवत कसे रुजते? मुळांशी राहणाऱ्या बुरशीचे कार्य

पावसाळ्याच्या आरंभी नागपूर जिल्ह्यातील बहुतेक प्राथमिक शाळांतून रोपे लावण्याचा कार्यक्रम होतो. मुले उत्साहाने खड्डे खणतात, पाणी घालतात, काट्यांचे कुंपण करतात. तरीही होळीच्या सुमारास पाहावे तो यांपैकी बरीच रोपे वाळलेली आढळतात. जेथे जमीन चांगली आहे तेथे दोष बहुधा पाण्याचा किंवा मोकाट गुरांचा असतो. परंतु जेथे वरची माती खरवडून नेलेली आहे, खाणीतून उपसलेल्या दगडमुरुमाचे ढीग पडलेले आहेत, किंवा वीजकेंद्राची राख साठविलेली आहे, तेथे पाणी घालूनही रोप तग धरीत नाही. गवताचे बी टाकले तर ते उगवते, बोटभर वाढते आणि पिवळे पडून मरते. अशा वेळी मुले विचारतात, 'गुरुजी, पाणी घातले, कुंपण केले, मग रोप का मेले?' या प्रश्नास उत्तर मिळाले नाही, तर झाडे लावणे हा केवळ एक वार्षिक विधी आहे, असा मुलांचा समज होतो आणि तो पुढे आयुष्यभर टिकतो.

नागपूर जिल्ह्यात अशा जमिनीची वाण नाही. सावनेर, पारशिवनी, रामटेक व उमरेड या तालुक्यांत कोळशाच्या किंवा मँगनीजच्या खाणी आहेत. कोराडी व खापरखेडा येथे मोठी औष्णिक वीजकेंद्रे आहेत. ढिगाऱ्यांच्या व राखेच्या शेजारी गावे आहेत आणि त्या गावांत शाळा आहेत. उन्हाळ्याच्या वाऱ्याने उघड्या जागेवरील धूळ घरांत येते, गुरांना चरावयास जागा उरत नाही. ही जमीन पुन्हा हिरवी होऊ शकते काय, हा प्रश्न म्हणूनच पुस्तकी नव्हे. त्याचे उत्तर शोधण्याचे काम नागपुरातच झालेले आहे आणि ते प्रत्येक शिक्षकास ठाऊक असणे इष्ट आहे.

माती आणि दगडाचा भुगा

माती म्हणजे खडकाचा बारीक भुगा, अशी व्याख्या अनेक मुले पाठ म्हणतात. ती अपुरी आहे. खडकाच्या भुग्यात कुजलेला पालापाचोळा, हवा, पाणी आणि असंख्य सजीव मिसळले म्हणजे त्याची माती होते. गांडुळे व मुंग्या डोळ्यांस दिसतात, तर जीवाणू व बुरशी दिसत नाहीत. परंतु न दिसणाऱ्यांचेच काम मोठे आहे.

खाणीतून खोलवरचा मुरूम वर येतो, तेव्हा त्यात हे सजीव जवळजवळ नसतात. भट्टीतून निघालेल्या राखेचेही तसेच आहे. अशा पदार्थांत नत्र अत्यल्प असते, सेंद्रिय अंश नसतो, आणि स्फुरद असलेच तरी ते खनिजांच्या कणांशी घट्ट बांधलेले असते. म्हणजे भांडारात धान्य आहे, पण कुलपाची किल्ली हरवली आहे, अशी रोपाची स्थिती होते.

मूळ आणि बुरशी यांचे सख्य

तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठी शिक्षकांस परिचित आहेत. त्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र धरून पिकास देतात. मुळांचे असेच दुसरे, आणि याहून कितीतरी अधिक पसरलेले सख्य बुरशीशी आहे. त्यास मायकोरायझा म्हणतात. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ साली बुरशी व मूळ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून बनविला.

बुरशी म्हटले की शिळी भाकरी, लोणच्यावरील पांढरा थर किंवा पिकावरील रोग एवढेच मुलांच्या डोळ्यांसमोर येते. म्हणून बुरशी म्हणजे शत्रू नव्हे, हे आधी सांगावे लागते. पावसाळ्यात उगवणारी भूछत्रे हीसुद्धा बुरशीच होय. गवताच्या मुळांशी राहणारी बुरशी मात्र भूछत्र धरीत नाही. ती आयुष्यभर मातीत व मुळांत राहते.

या बुरशीचे शरीर म्हणजे बारीक तंतूंचे जाळे असते. तंतू मुळाच्या आत शिरतो आणि तेथील पेशीत त्यास लहानशा झाडासारख्या फांद्या फुटतात. या फांद्यांच्या ठिकाणीच देवघेव होते. लॅटिन भाषेत लहान झाडास जो शब्द आहे त्यावरून या बुरशीस आर्बस्क्युलर मायकोरायझा असे नाव मिळाले. काही जातींत मुळाच्या आत साठवणीच्या पिशव्याही असतात. त्यांस व्हेसिकल म्हणतात. जुन्या पुस्तकांत व खतांच्या पिशव्यांवर आढळणारी 'व्हॅम' ही अक्षरे या दोन शब्दांपासून आलेली आहेत.

हे सख्य आजकालचे नव्हे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष सापडले आहेत, आणि त्यांच्या पेशींतही अशाच फांद्यांच्या खुणा दिसतात. त्या वनस्पतींस खरी मुळेही नव्हती. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्या बुरशीच्या आधाराने, असे यावरून शास्त्रज्ञ मानतात. आज जमिनीवरील वनस्पतींच्या बहुतेक जातींत हे सख्य आढळते. मोहरी, मुळा व कोबी यांचे कूळ मात्र याला ठळक अपवाद आहे.

देवघेव कशी चालते?

आठवडी बाजारात पूर्वी धान्य देऊन मीठ घेण्याची चाल होती. ज्याच्याजवळ जे विपुल, ते तो देई. वनस्पतीजवळ सूर्यप्रकाशात केलेली साखर विपुल असते, तर बुरशीस हिरवा रंग नसल्यामुळे साखर करता येत नाही. उलट बुरशीचे तंतू मातीच्या बारीक फटींत शिरून स्फुरद, जस्त व तांबे गोळा करू शकतात. वनस्पती आपल्या साखरेचा काही भाग बुरशीस देते. हा भाग परिस्थितीनुसार सुमारे ४ ते २० टक्के असतो. त्याच्या मोबदल्यात बुरशी तिला स्फुरद आणून देते.

स्फुरद आणण्यास मध्यस्थ का लागावा? नत्राचे काही प्रकार पाण्यात विरघळून मुळाकडे वाहत येतात. स्फुरद मात्र मातीच्या कणांस चिकटून जागच्या जागी बसते. मुळाच्या अगदी लगतचे स्फुरद काही दिवसांत संपते आणि मुळाभोवती एक-दोन मिलिमीटरचा रिता पट्टा तयार होतो. त्यापलीकडे स्फुरद असूनही मूळ उपाशी राहते. बुरशीचे तंतू हा रिता पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर दूर जातात.

हे तंतू किती बारीक असतात, याचे गणित वरच्या वर्गांतील मुलांकडून करवून घ्यावे. एका मिलिमीटरचे १,००० भाग केले असता प्रत्येक भागास मायक्रॉन म्हणतात. बुरशीचा तंतू साधारण २ ते १० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन धरावा. तंतूची जाडी ५ मायक्रॉन धरली तर एका केसाच्या रुंदीत किती तंतू शेजारी शेजारी मावतील? उत्तर १४ येते. एका मिलिमीटरमध्ये २०० मावतात. इतके बारीक मूळ वाढविणे वनस्पतीस शक्य नसते. म्हणून ती हे काम बुरशीकडून करवून घेते.

या जाळ्याचा आणखी एक उपयोग आहे. तंतू मातीच्या कणांस एकत्र बांधून त्यांचे लहान लहान रवे करतात. त्यामुळे जमिनीत हवा खेळते, पाणी मुरते, आणि वाऱ्याने व पावसाने माती वाहून जाण्याचे प्रमाण कमी होते. उघड्या ढिगाऱ्यावर या गुणाचे मोल स्फुरदाइतकेच आहे.

गवतास ही मदत अधिक का लागते?

कुसळ, मारवेल, रोशा ही विदर्भातील गायरानांवरची ओळखीची गवते होत. ज्वारी, मका व ऊस हीसुद्धा त्यांचीच जवळची भावंडे आहेत. ही सारी उष्ण ऋतूत वाढणारी गवते असून बुरशीशी त्यांचे सख्य घट्ट असते. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतातील मोठ्या कुरणांत याच गटातील गवते आहेत. तेथे १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, स्फुरद कमी असलेल्या निर्जंतुक मातीत बुरशीवाचून अशा गवताची वाढ जवळजवळ खुंटते.

ओसाड जमिनीवर प्रथम तण उगवते. ते लवकर फुलते, बी टाकते व मरते, आणि त्यास बुरशीची गरज थोडी असते. बहुवर्षायू गवत मात्र सावकाश वाढते. जमिनीखालील जाळे तयार असेल तरच ते पाय रोवते. अमेरिकन संशोधक लिझ कोझिओल व जेम्स बेव्हर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कुरण पुन्हा उभे करताना स्थानिक कुरणातील बुरशी रोपांबरोबर लावली. ज्यांची वाढ सहसा मागाहून होते अशा देशी वनस्पतींस तिचा विशेष लाभ झाला.

महाराष्ट्रातही देशी गवताची कुरणे पुन्हा उभी राहिलेली आहेत. मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड ही गावे अन्यत्र वसविण्यात आल्यावर त्यांच्या जुन्या शेतजमिनीवर गवत वाढले आणि तेथे वन्य पशू चरू लागले. परंतु शेताची माती जिवंत असते. राखेची गोष्ट निराळी आहे.

खापरखेड्याच्या राखेवरील प्रयोग

नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'नीरी', ही १९५८ साली स्थापन झाली. या संस्थेने खाणींच्या व राखेच्या जमिनींवर जी कामे केली त्यांत डॉ. आशा जुवारकर यांचा वाटा मोठा आहे. सावनेर तालुक्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीचे ढिगारे आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पद्मापूर येथील कोळसा खाणीचे ढिगारे यांवर सेंद्रिय पदार्थ, जीवाणू व मायकोरायझा बुरशी यांचा एकत्र उपयोग करून झाडे वाढविण्यात आली.

खापरखेडा वीजकेंद्राच्या राखेच्या साठ्यावरील काम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ते डॉ. जुवारकर व हेमलता जांभुळकर यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. १० हेक्टर क्षेत्रावर हेक्टरी ५० टन शेणखत घालण्यात आले. नत्र स्थिर करणारे जीवाणू व मायकोरायझा बुरशी रोपांस देण्यात आली. त्यापूर्वी राखेत हे सूक्ष्मजीव जवळजवळ नव्हतेच. प्रयोगानंतर दर १० ग्रॅम राखेत बुरशीचे ३५ बीजाणू आढळले. राखेची पाणी धरून ठेवण्याची शक्ती ४० टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर गेली. नत्र साडेचार पटींनी व फॉस्फेट १० पटींनी वाढले. कॅडमियमचा विषारी प्रभाव २५ टक्के, आणि तांबे, निकेल व शिसे यांचा सुमारे ४६ ते ४८ टक्के कमी झाला. मानवेल बांबूची वाढ तर नुसत्या राखेतील बांबूच्या १५ पट भरली, आणि त्याची मुळेही दाट पसरली.

येथे मुलांस आवर्जून सांगावे की, बांबू हे झाड नसून गवत आहे. ज्वारीचे ताट व बांबूचे कांडे शेजारी ठेवून पेरी, पानांची शिरारचना व तंतुमय मुळे यांची तुलना करवावी. मग बुरशीच्या मदतीने राखेवर वाढलेले हे गवत मुलांस परके वाटणार नाही.

आकडे वाचताना घ्यावयाची काळजी

शास्त्रीय माहिती शिकविताना आकड्यांच्या मागील अर्थही शिकवावा लागतो. वरील प्रयोगासंबंधी दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात.

पहिली गोष्ट अशी की, बुरशी स्फुरद निर्माण करीत नाही. ते मूलद्रव्य आहे, आणि ते कोणताही सजीव घडवू शकत नाही. बुरशी इतकेच करते की, जे स्फुरद आधीच आहे, पण मुळाच्या पलीकडे आहे, ते ती पोहोचते करते. शेणखताबरोबरही काही स्फुरद जमिनीत येते.

दुसरी गोष्ट अशी की, शेणखत, जीवाणू व बुरशी ही तिन्ही एकत्र दिलेली होती. म्हणून बांबूच्या १५ पट वाढीचे सारे श्रेय एकट्या बुरशीस देता येत नाही. शेणखताने ओलावा व अन्न दिले, जीवाणूंनी नत्र दिले, बुरशीने स्फुरदाची वाट मोकळी केली. ओसाड जमीन सुधारावयाची तर एका जादूच्या पुडीने काम होत नाही, हाच या प्रयोगाचा खरा धडा आहे. बाजारात मायकोरायझाच्या नावाने पिशव्या मिळतात. त्यांतील बुरशी जिवंत असेलच, आणि असली तरी गावच्या मातीस मानवेलच, असे नाही. अनेक ठिकाणी जवळच्या जुन्या कुरणातील मूठभर माती अधिक उपयोगी ठरते.

शाळेत करावयाचा प्रयोग

हा प्रयोग सहावी-सातवीच्या मुलांकडून पावसाळ्यात करवून घेता येईल. राख किंवा खाणीचा माल या प्रयोगासाठी आणू नये, व मुलांस राखेच्या साठ्यावर नेऊ नये. त्यात अपायकारक धातू असतात आणि ओल्या साठ्यांत पाय रुतण्याचा धोका असतो. त्याऐवजी साधा मुरूम व वाळू घ्यावी.

१. सारख्या आकाराच्या सहा कुंड्या घ्याव्यात. त्यांत मुरूम व वाळू समभाग भरावी. हे मिश्रण आधी ओले करून, झाकण ठेवलेल्या भांड्यात एक तास वाफवून थंड करावे. वाफविण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

२. गावच्या जुन्या गायरानातून, जेथे कुसळ किंवा मारवेल वर्षानुवर्षे वाढत आहे अशा जागेवरून, मुळांसह दोन ओंजळी माती आणावी. तिचे दोन समान भाग करावेत. एक भाग तसाच ठेवावा व दुसरा वरीलप्रमाणे वाफवावा.

३. तीन कुंड्यांत प्रत्येकी एक मूठ जिवंत माती व उरलेल्या तीन कुंड्यांत प्रत्येकी एक मूठ वाफविलेली माती, बियांच्या खाली दोन बोटे खोल घालावी. बुरशीचा स्पर्श मुळास झाला पाहिजे. वर पसरलेली माती फारशी कामाची नाही.

४. प्रत्येक कुंडीत ज्वारीचे पाच दाणे पेरावेत. दाणे घरचे असावेत. दुकानातील बियाण्यास पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेले असते. उगवल्यावर दोन रोपे ठेवून बाकीची काढावीत. सुपर फॉस्फेट घालू नये, कारण स्फुरद विपुल मिळाले की वनस्पती बुरशीस फारशी जवळ करीत नाही.

५. आठ आठवड्यांपर्यंत दर शनिवारी उंची, पानांची संख्या व पानांचा रंग यांची नोंद घ्यावी. पाने जांभळट दिसू लागली तर ते स्फुरदाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. शेवटी मुळे हळुवार धुऊन पाहावीत.

पहिले दोन-तीन आठवडे जिवंत मातीतील रोपे मागे दिसली तर नवल नाही. त्या काळात बुरशी साखर घेत असते, परतफेड नंतर सुरू होते. मातीत मुळातच स्फुरद भरपूर असेल तर शेवटीही फरक दिसणार नाही. जो निकाल येईल तोच मुलांनी लिहावा. अपेक्षित निकालासाठी आकडे बदलू देऊ नयेत. फरक दिसलाच, तरी जिवंत मातीत इतर सूक्ष्मजीवही असतात, म्हणून तो केवळ बुरशीमुळेच पडला असे ठामपणे म्हणता येत नाही, हेही सांगावे. मुळातील बुरशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. ती पाहण्यासाठी मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागतात. ते काम जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात करवून घेता येईल.

शाळेच्या आवारात व गावात

पुढील पावसाळ्यात रोपे लावताना काही साधे नियम पाळण्यासारखे आहेत. खड्डा खणताना वरची वीतभर माती निराळी ठेवावी व तीच मुळांजवळ घालावी. खालचा मुरूम मुळांजवळ टाकू नये. खड्ड्यात कुजलेले शेणखत व जुन्या गवताखालची मूठभर माती मिसळावी. अशी माती एकाच जागेवरून फार खणू नये, नाही तर एक जागा हिरवी करताना दुसरी उजाड होईल. रोपाभोवतालची जमीन उघडी न ठेवता तेथे देशी गवत व एखादे शेंगवर्गीय पीक वाढू द्यावे. ही बुरशी जिवंत मुळावाचून वाढत नाही, त्यामुळे जमीन जितका काळ उघडी राहील तितकी ती क्षीण होत जाते. बांधकामासाठी वरची माती काढावी लागली तर ती महिनोन् महिने ढीग करून ठेवू नये, शक्य तितक्या लवकर पसरावी.

ग्रामसभेत गायरान नांगरण्याचा किंवा तेथील माती भरावासाठी उचलण्याचा विषय निघाल्यास, शिक्षकांनी ही माहिती गावकऱ्यांपुढे ठेवावी. खापरखेड्याच्या १० हेक्टरांवर जीव परत आणण्यासाठी हेक्टरी ५० टन खत, निवडलेले जीवाणू व बुरशी आणि शास्त्रज्ञांचे श्रम लागले. जुन्या गायरानाखाली ते जाळे विनामूल्य उभे आहे.

प्रयोगाच्या नोंदवहीत मातीची जागा, तेथील गवताचे गावात प्रचलित असलेले नाव, पेरणीची तारीख, आठवड्यागणिक मोजमापे व मुलांनी विचारलेले प्रश्न लिहून ठेवावेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शेजारच्या शाळांनी आपापल्या वह्या ताडून पाहिल्यास, कोणत्या गावच्या मातीत फरक पडला व कोणत्या नाही, हे मुलांनाच समजून येईल.